वाटेवरच्या खुणा

स्वीडन देशाच्या अगदी उत्तरेस लॅपलंड नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. वर्षातील कित्येक महिने तेथे बर्फ पडलेले असते. उंच पठारांवर झाड नाही, झुडूप नाही, पाऊलवाटही नाही. चहूकडे पांढरा विस्तार आणि वर दाट धुके! अशा ठिकाणी वाटसरूची दिशा चुकली, तर प्रसंग जिवावर बेततो. म्हणून त्या भागातून जाणारे लोक जागोजाग दगडांच्या लहान लहान राशी रचून ठेवतात. आपण कोठून आलो आणि पुढे कोणत्या दिशेस जावयाचे, हे त्या खुणांवरून समजते. ज्याने दगड रचले तो कधीच पुढे निघून गेलेला असतो. खूण मात्र मागून येणाऱ्यांसाठी उभी राहते.

स्वीडनमधील एका थोर पुरुषास या डोंगरांचे फार वेड होते. पाठीवर पिशवी टाकून तो तेथे दिवसचे दिवस हिंडत असे. आयुष्यभर त्याने एक खाजगी टिपणवही लिहिली आणि तिला जे नाव दिले, त्याचा अर्थही ‘वाटेवरच्या खुणा’ असाच होतो. या पुरुषाचे नाव डाग हॅमरशोल्ड. संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस म्हणून सारे जग त्यांना ओळखत होते. परंतु स्वतःची ओळख त्यांना कशी पटली, याची हकीकत त्या वहीतच होती. ते हयात असताना ही वही फारच थोड्यांना ठाऊक होती.

डाग हॅमरशोल्ड यांचा जन्म २९ जुलै १९०५ रोजी स्वीडनमधील येनशेपिंग या गावी झाला. चार भावांत ते सर्वांत धाकटे. वडील यालमार हॅमरशोल्ड यांच्या घराण्यात राजसेवेची जुनी परंपरा होती. कोणी सैन्यात, तर कोणी राज्यकारभारात नाव मिळवलेले. १९०७ साली यालमार उप्साला प्रांताचे गव्हर्नर झाले आणि हे कुटुंब उप्साला येथील टेकडीवरच्या जुन्या किल्ल्यात राहावयास आले. त्या प्रचंड वाड्यातच डागचे बालपण गेले. खिडकीतून खाली पाहिले, की एकीकडे प्राचीन विद्यापीठ दिसे आणि दुसरीकडे कॅथीड्रलचे दोन उंच मनोरे. विद्या आणि धर्म अशा दोहोंच्या छायेत हा मुलगा वाढत होता.

आई आग्नेस हिच्या माहेरी विद्वान आणि धर्मोपदेशक होऊन गेले होते. ती स्वभावाने अत्यंत प्रेमळ व मोकळी होती. वडिलांचा वचक, तर आईचा लळा, असे त्या घरातील वातावरण होते. वर्षाच्या अखेरच्या रात्री ती घरातील सर्वांना एक जुने भक्तिगीत वाचून दाखवीत असे. त्या गीतातील शब्द डागच्या मनात कायमचे रुजले. देश आणि मानवजात यांची निःस्वार्थ सेवा करण्यापरते समाधानाचे जीवन नाही, ही शिकवण वडिलांच्या घराण्याकडून मिळाली; आणि ईश्वराची लेकरे म्हणून सर्व माणसे समान आहेत, ही शिकवण आईच्या घराण्याकडून मिळाली, असे त्यांनी पुढे १९५३ साली नभोवाणीसाठी लिहिलेल्या एका निवेदनात नमूद केले आहे.

डाग आठ वर्षांचा असताना, म्हणजे १९१४ साली, त्याचे वडील स्वीडनचे पंतप्रधान झाले. लवकरच पहिले महायुद्ध भडकले. यालमार यांनी देशास युद्धापासून दूर ठेवले. परंतु धान्याची टंचाई होऊन लोकांचे हाल होऊ लागले. लोकांनी रागाच्या भरात पंतप्रधानांच्या आडनावाची मोडतोड केली आणि त्यात ‘भूक’ हा शब्द घालून त्यांची हेटाळणी चालविली. १९१७ साली त्यांना अधिकारपद सोडावे लागले. ज्यास आपण योग्य समजतो, त्यासाठी एकटे उभे राहणे म्हणजे काय, हे त्या लहान मुलाने आपल्या घरातच पाहिले.

डाग बुद्धीने तीक्ष्ण होता. वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी त्याने उप्साला विद्यापीठाची पदवी मिळविली. त्यानंतर अर्थशास्त्र व कायदा या विषयांचाही त्याने अभ्यास केला आणि १९३३ साली स्टॉकहोम येथे डॉक्टरेट संपादन केली. परंतु ज्ञानाची एकेक पायरी चढत असताना मनात एक प्रश्न डोके वर काढू लागला. लहानपणी जी श्रद्धा आईच्या मांडीवर मिळाली, ती आपली स्वतःची आहे काय? केवळ वडीलधाऱ्यांनी सांगितले म्हणून एखादी गोष्ट मानणे प्रामाणिकपणाचे होईल काय? बुद्धीस जे पटत नाही, ते ओठांनी म्हणणे त्यांना अशक्य होते. तेव्हा त्यांनी वारशाने आलेल्या श्रद्धेचा त्याग केला नाही, की डोळे मिटून तिचा स्वीकारही केला नाही. त्यांनी शोध घेण्याचे ठरविले. याच सुमारास, वयाच्या विसाव्या वर्षाच्या आसपास, त्या टिपणवहीचा आरंभ झाला.

ही वही म्हणजे नेहमीची रोजनिशी नव्हे. आज कोणास भेटलो, कोठे गेलो, काय खाल्ले, असा मजकूर तीत शोधूनही सापडत नाही. कधी दोन ओळी, कधी एखादा परिच्छेद, कधी छोटीशी कविता, असे तिचे स्वरूप आहे. कधी कधी तर वर्षानुवर्षे एकही नोंद नाही. परंतु जे लिहिले आहे, ते एखाद्या कठोर न्यायाधीशाने आरोपीस समोर उभे करून लिहावे, असे आहे. आणि येथे न्यायाधीश व आरोपी एकच होते. आपण दुसऱ्यास मदत केली ती खरोखर त्याच्यासाठी, की लोकांनी चांगले म्हणावे यासाठी? आपली नम्रता खरी आहे, की तोही एक प्रकारचा अहंकारच? असे प्रश्न ते स्वतःस विचारीत. उत्तर बोचणारे असले, तरी ते खोडून टाकीत नसत.

बाहेरून पाहणारास मात्र त्यांच्या जीवनात कशाचीच उणीव दिसत नव्हती. १९३६ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ते अर्थखात्यात सचिवपदाच्या उच्च अधिकारावर गेले. १९४१ साली ते स्वीडनच्या मध्यवर्ती बँकेच्या मंडळाचे अध्यक्ष झाले. पुढे परराष्ट्र खात्यात जाऊन १९५१ साली ते मंत्रिमंडळाचे सदस्य झाले. रात्री उशिरापर्यंत काम करावे, फुरसत मिळाली की उत्तम ग्रंथ वाचावेत आणि सुटीत डोंगर चढावेत, असा त्यांचा क्रम होता. त्यांनी विवाह केला नाही. १९४० साली आईचे निधन झाले. मानसन्मान वाढत होता, पण मनातील पोकळी भरून येत नव्हती. इतके कष्ट कशासाठी? ज्यासाठी सर्वस्व द्यावे, असे काही या जगात आहे काय? १९५० नंतरच्या टिपणांत ही व्याकुळता वाढत गेलेली दिसते. १९५२ सालच्या नोंदी तर अतिशय उदास आहेत. एकटेपणाचे ओझे आणि जीवन निरर्थक असल्याची भीती यांनी त्यांना घेरले होते.

या काळात ते पुन्हा जुन्या धर्मग्रंथांकडे वळले. बायबलमधील शुभवर्तमाने त्यांनी नव्या दृष्टीने वाचली. आफ्रिकेत रुग्णसेवा करणारे डॉ. अल्बर्ट श्वाइत्झर यांचे लिखाण त्यांना मार्गदर्शक वाटले. एकहार्ट, योहान ऑफ द क्रॉस यांसारख्या ख्रिस्ती संतांच्या ग्रंथांत तर त्यांना आपल्याच प्रश्नांची उत्तरे मिळाली. या संतांनी जगापासून पळ काढला नव्हता. स्वतःस पूर्णपणे विसरल्याने माणूस स्वतःस गमावत नाही, उलट तेव्हाच तो स्वतःस सापडतो, हा त्यांचा अनुभव होता. हॅमरशोल्ड यांना उमगले, की आपण आजवर चुकीच्या जागी शोध करीत होतो. आरशात कितीही वेळ पाहिले, तरी आपण कोणासाठी आहोत हे आरसा सांगत नाही.

नव्या वर्षाच्या नोंदीचा आरंभ आईच्या त्या भक्तिगीतातील शब्दांनी करावयाचा, अशी पद्धत त्यांनी काही वर्षे पाळली होती. आधीच्या वर्षांत त्या शब्दांपुढे येई ती खिन्नता. १९५३ सालच्या आरंभी मात्र वहीतील सूर बदलला. जे घडून गेले त्याबद्दल त्यांनी कृतज्ञता व्यक्त केली आणि जे घडणार आहे त्यास आधीच मनःपूर्वक होकार देऊन टाकला. पुढे काय वाढून ठेवले आहे, याची त्या वेळी त्यांना कल्पनाही नव्हती.

त्यानंतर तीनच महिन्यांनी ३१ मार्चच्या मध्यरात्रीच्या सुमारास स्टॉकहोम येथे त्यांचा दूरध्वनी खणखणला. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीने सरचिटणीसपदासाठी त्यांच्या नावाची शिफारस केली होती. दुसरा दिवस १ एप्रिलचा! कोणी तरी थट्टा करीत आहे, असेच त्यांना प्रथम वाटले. परंतु वार्ता खरी होती. जो होकार वहीत लिहिला होता, तो आता जगापुढे द्यावयाचा होता. १० एप्रिल १९५३ रोजी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, न्यूयॉर्क येथे त्यांनी या पदाची शपथ घेतली.

तो काळ मोठ्या तणावाचा होता. अमेरिका आणि सोव्हिएट रशिया यांचे वैर विकोपास गेले होते. चीनने अमेरिकेच्या ११ वैमानिकांना हेर ठरवून १९५४ साली दीर्घ कारावासाची शिक्षा दिली. त्या वेळी कम्युनिस्ट चीनला संयुक्त राष्ट्रसंघात स्थान नव्हते. तरीही जानेवारी १९५५ मध्ये हॅमरशोल्ड स्वतः पेकिंगला गेले आणि पंतप्रधान चौ एन-लाय यांच्याशी शांतपणे बोलणी करून परतले. हात हलवीत परत आले, अशी टीका त्यांच्यावर झाली. त्यांनी काहीही प्रत्युत्तर दिले नाही. त्याच वर्षी, त्यांच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या सुमारास, सर्व वैमानिकांची सुटका झाली. पुढल्या वर्षी सुएझ कालव्यावरून युद्ध पेटले. तेव्हा लढणाऱ्या पक्षांच्या मध्ये उभे राहण्यासाठी निरनिराळ्या देशांच्या सैनिकांचे एक शांतिदल उभारण्याची कल्पना कॅनडाचे लेस्टर पिअरसन यांनी मांडली आणि हॅमरशोल्ड यांनी ती अल्पावधीत प्रत्यक्षात आणली. अशा प्रकारचे हे पहिलेच दल होय. या सैन्यात भारतीय जवानही होते.

आश्चर्य असे, की वहीत या यशाचा मागमूस नाही. जगातील वर्तमानपत्रे त्यांच्या नावाने भरून जात असता, वहीत मात्र ते स्वतःला बजावीत होते, की हाती घेतलेल्या कार्याचे श्रेय आपले नव्हे. आपण केवळ साधन आहोत. त्यांच्या लेखी प्रार्थना आणि कचेरीतील काम ही दोन निराळी कामे राहिली नव्हती. कागदपत्रांचा ढीग उपसणे, दोन भांडखोर पक्षांचे म्हणणे संयमाने ऐकून घेणे, हीच त्यांची उपासना झाली होती.

त्यांनी आपली श्रद्धा कोणावरही लादली नाही. संयुक्त राष्ट्रसंघाच्या मुख्य इमारतीत चिंतनासाठी एक लहानसे दालन होते. १९५७ साली त्यांनी स्वतः लक्ष घालून त्याची नवी रचना करविली. तेथे कोणत्याही धर्माचे चिन्ह ठेविले नाही. मध्यभागी स्वीडनच्या खाणीतील लोहखनिजाची सहा टनांहून अधिक वजनाची एक शिळा आहे आणि वरून तिच्यावर प्रकाशाचा एकच झोत पडतो. लोखंडापासून माणसाने तलवारही घडविली आणि घरही बांधले. त्याचा कोणता उपयोग करावयाचा हे माणसाच्याच हाती आहे, हा त्या शिळेचा अर्थ त्यांनी सांगितला होता. हिंदू, मुसलमान, बौद्ध, ख्रिस्ती कोणीही यावे आणि आपल्या अंतःकरणातील शांततेपाशी बसावे, ही त्यांची इच्छा होती.

खरी कसोटी पुढेच होती. ३० जून १९६० रोजी आफ्रिकेतील काँगो देश बेल्जियमच्या सत्तेपासून स्वतंत्र झाला आणि काही दिवसांतच तेथे बंडाळी माजली. खनिजांनी समृद्ध असलेला कटांगा प्रांत फुटून निघाला. काँगोच्या सरकारने मदत मागितल्यावरून संयुक्त राष्ट्रसंघाचे सैन्य तेथे गेले. त्याची संख्या सुमारे २०,००० पर्यंत पोहोचली. काँगोमध्ये हॅमरशोल्ड यांचे प्रतिनिधी म्हणून काही काळ राजेश्वर दयाळ या भारतीय मुत्सद्द्याने काम पाहिले. परंतु कोणत्याच पक्षाचे समाधान होईना. जानेवारी १९६१ मध्ये काँगोचे पदच्युत पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा यांची हत्या झाली, तेव्हा तिचा दोषही अनेकांनी हॅमरशोल्ड यांच्या माथी मारला.

त्यापूर्वीच, १९६० च्या शरद ऋतूत, सोव्हिएट नेते निकिता ख्रुश्चेव्ह यांनी आमसभेत त्यांच्यावर कडाडून हल्ला चढविला होता. सरचिटणीसाचे पद मोडून तेथे तिघांचे मंडळ नेमावे आणि हॅमरशोल्ड यांनी राजीनामा द्यावा, अशी त्यांची मागणी होती. ३ ऑक्टोबर रोजी हॅमरशोल्ड उत्तर देण्यास उठले. आवाजात राग नव्हता. राजीनामा देणे सोपे आहे, बलाढ्य राष्ट्राच्या इच्छेपुढे मान तुकविणेही सोपे आहे. परंतु ही संस्था दुबळ्या व लहान राष्ट्रांचा आधार आहे आणि त्यांची इच्छा असेपर्यंत आपण आपल्या जागेवर राहू, असे त्यांनी शांतपणे सांगितले. सभागृहातील बहुसंख्य प्रतिनिधी उभे राहिले व टाळ्यांचा प्रदीर्घ कडकडाट झाला. ज्या माणसाला आपण कोण आहोत हे ठाऊक नसेल, त्यास असे उभे राहता येत नाही. हे उत्तर त्या एका सकाळी सुचलेले नव्हते. पस्तीस वर्षे स्वतःची झाडाझडती घेऊन त्यांनी ते मिळविले होते.

१९६१ च्या मे महिन्यात, पेन्टेकॉस्टच्या सणाच्या दिवशी, त्यांनी वहीत आपल्या सगळ्या प्रवासाचा मागोवा घेतला. आपणास हाक कोणी दिली, नेमकी केव्हा दिली, हे त्यांस सांगता येत नव्हते. परंतु कधी तरी आपण त्या हाकेस ओ दिली आणि तेव्हापासून जीवनास अर्थ आला, याविषयी त्यांची खात्री होती. वीस वर्षांच्या तरुणाने जो प्रश्न विचारला होता, त्याचे उत्तर पंचावन्न वर्षांच्या या प्रौढ पुरुषास मिळाले होते.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये काँगोत पुन्हा लढाई जुंपली. कटांगाचे नेते मोइज चोंबे यांच्याशी युद्धबंदीची बोलणी करण्यासाठी हॅमरशोल्ड १७ सप्टेंबर १९६१ रोजी लिओपोल्डव्हिल येथून विमानाने निघाले. मध्यरात्रीनंतर उत्तर ऱ्होडेशियातील, म्हणजे आताच्या झांबियातील, एनडोला या गावाजवळच्या जंगलात ते विमान कोसळले. विमानातील सोळाही जणांना प्राण गमवावे लागले. हा अपघात होता की घातपात, याविषयी वेगवेगळ्या चौकशा झाल्या. २०१५ नंतर संयुक्त राष्ट्रसंघाने हे प्रकरण पुन्हा हाती घेतले. तरीही त्या रात्रीचे कोडे पुरतेपणी सुटलेले नाही.

लिओपोल्डव्हिल येथील त्यांच्या मुक्कामाच्या खोलीत ‘ख्रिस्ताचे अनुकरण’ हा थॉमस अ केम्पिस यांचा जुना ग्रंथ सापडला. पानाची खूण म्हणून त्यात एक कागद ठेवलेला होता. त्यावर सरचिटणीसपदाची शपथ लिहिलेली होती. न्यूयॉर्क येथील त्यांच्या घरी ती टिपणवही मिळाली. सोबत लेफ बेलफ्रागे या स्वीडिश मित्रास लिहिलेले पत्र होते. ही टिपणे आपण कोणी वाचावीत म्हणून लिहिली नव्हती. तथापि आपले खरे चित्र पाहावयाचे असेल तर ते येथेच सापडेल, आणि योग्य वाटल्यास ती छापण्यास हरकत नाही, असा त्या पत्राचा आशय होता. १९६१ चा शांततेचा नोबेल पुरस्कार त्यांना मरणोत्तर देण्यात आला. १९६३ साली ती वही स्वीडनमध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आणि पुढल्याच वर्षी तिचे इंग्रजी भाषांतर निघाले.

पुस्तक वाचून अनेक जण चकित झाले. ज्या राजपुरुषांशी हॅमरशोल्ड यांचा नित्य संबंध आला, त्यांपैकी एकाचेही वर्णन तीत नव्हते. काही स्वदेशीय टीकाकारांना तर हा माणूस स्वतःची तुलना ख्रिस्ताशी करतो आहे, असा भास झाला. परंतु शांत चित्ताने वाचणारास तीत वेगळेच काही दिसले. कीर्तीच्या शिखरावर असतानाही आपले दोष लपवू न इच्छिणारा, एकटेपणाने कष्टी होणारा, वारंवार अडखळणारा आणि तरीही दिशा न सोडणारा एक माणूस त्यांना तेथे भेटला.

उप्साला येथील जुन्या दफनभूमीत, आपल्या घराण्याच्या जागेत, डाग हॅमरशोल्ड चिरनिद्रा घेत आहेत. लॅपलंडच्या पठारावर दर हिवाळ्यात बर्फ पडते आणि वाटा बुजून जातात. मागून येणाऱ्या वाटसरूस तेव्हा त्या दगडांच्या राशीच आधार देतात. तशाच खुणा हॅमरशोल्ड यांनी आपल्या वहीत एकेक करून रचल्या. त्या त्यांनी स्वतःची वाट चुकू नये म्हणून रचल्या होत्या. त्यांचा उपयोग मात्र पुढे असंख्यांना झाला.